सहा मतांची ब्रेकिंग न्यूज : मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तनिवेदक आणि परदेशी बातम्या पाहणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडची. बावीस वर्षं झाली, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू हॅम्पशायर या लहानशा राज्यात राहते. आमचं गाव बाराशे वस्तीचं आहे. एक टाउन हॉल, एक वाचनालय, एक पोस्ट, आणि पेट्रोल पंपालाच जोडलेलं किराणा दुकान. नागरिकत्व मिळाल्यापासून गावच्या निवडणुकीत मतदार यादीच्या टेबलावर काम करते. मतदार येतो, नाव आणि पत्ता मोठ्यानं सांगतो, मी ते मोठ्यानं परत म्हणते, यादीवर पट्टी धरून खूण करते आणि कागदी मतपत्रिका हातात देते. संध्याकाळी मतदान संपलं की आम्ही सगळे बसून मतं हातानं मोजतो. यंत्र नाही. थर्मासमधली कॉफी आणि कुणीतरी घरून केलेला केक एवढाच काय तो थाट.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की ज्या विषयावर लिहितेय तो मी लांबून पाहिलेला नाही.

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस. पहाटे सहाला टाउन हॉलवर पोचायचं म्हणून मी साडेनऊलाच झोपले होते. रात्री पाऊण वाजता फोन वाजला. परदेशात राहणाऱ्या माणसाला रात्रीचा भारतातून आलेला फोन म्हणजे काय असतं ते तुमच्या घरातलंही कुणी परदेशी असेल तर विचारा. उचलेपर्यंत माझ्या डोक्यात आईचं सगळं होऊन गेलं होतं. पलीकडून कराडहून मामा : "झोपलीस व्हय गं? टीव्ही लाव. तुमच्याकडं टाय झालंय!"

तुमच्यापैकी एका वाहिनीवर लाल पट्टी चालू होती. अमेरिकेतला पहिला निकाल हाती, ट्रम्प आणि हॅरिस बरोबरीत, कमालीची चुरस. खाली टक्केवारी : पन्नास-पन्नास. टक्केवारी किती मतांची, ते पट्टीवर नव्हतं. सहा मतांची होती. डिक्सव्हिल नॉच नावाच्या चिमुकल्या वस्तीत मध्यरात्री पडलेली. तीन आणि तीन.

त्या रात्री चिडले आणि विसरूनही गेले. पण गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका वाहिनीकडून मला निरोप आला. २०२८ ची तयारी आत्तापासून चालू आहे, तुम्ही न्यू हॅम्पशायरच्याच ना, मग मध्यरात्री त्या डिक्सव्हिल नॉचला जाऊन आम्हाला थेट प्रक्षेपण द्याल का? पुढचं वाक्य असं होतं : "त्या पाच-सहा जणांपैकी कुणी कुणाला मत दिलं ते काढता आलं तर स्टोरी मोठी होईल." मी नाही म्हणून कळवलं. पण नुसतं नाही म्हणून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

आधी ती जागा. नॉच म्हणजे आपली खिंड. न्यू हॅम्पशायरच्या अगदी उत्तरेला, कूस परगण्यात, कॅनडाच्या सरहद्दीपासून तीसेक किलोमीटरवर ही खिंड आहे. दोन्ही बाजूंना उभे सुळके, मधून सव्वीस नंबरचा रस्ता, आणि खिंड ओलांडली की ग्लोरिएट नावाचं छोटं तळं आणि त्याच्या काठी लाल छपरांचं पांढरं अवाढव्य हॉटेल, द बाल्सम्स. आमच्या घरापासून गाडीनं साडेतीन तास. पानगळीच्या रंगात एकदा गेले होते. हॉटेल २०११ पासून बंद आहे. एवढी मोठी इमारत, आणि बाहेर शुकशुकाट. आपल्याकडच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात फिरताना जसं वाटतं तसं वाटलं.

हे हॉटेल १९५४ साली नील टिलॉटसन यांनी घेतलं. रबराच्या धंद्यातला माणूस, फुगे आणि हातमोजे हा त्यांचा कारखाना. मतदानाला एवढ्या लांब जायचं त्यापेक्षा इथंच करू, म्हणून त्यांनी १९६० साली तिथं मध्यरात्री मतदान सुरू केलं. राज्याचा कायदा असा, की शंभरापेक्षा कमी वस्ती असेल तर मध्यरात्री बाराला मतदान सुरू करता येतं, आणि यादीतल्या सगळ्यांचं मत देऊन झालं की तिथल्या तिथं बंद करून मोजता येतं. वार्ताहरांना हवा होता तो पहिला आकडा आणि हॉटेलला हवी होती ती प्रसिद्धी. दोघांचं जमलं. टिलॉटसन २००१ साली वारले, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी. तोवर पहिली मतपत्रिका त्यांचीच पेटीत पडायची.

ही प्रथा त्यांच्याही आधीची आहे, पण ते कुणी सांगत नाही. हार्ट्स लोकेशन नावाच्या दुसऱ्या वस्तीनं १९४८ साली मध्यरात्री मतदान केलं, कारण तिथले रेल्वेचे कामगार नेहमीची मतदानाची वेळ सुरू होण्याआधीच कामावर जायचे. म्हणजे मुळात ती हौस नव्हती, पाळीवर जाणाऱ्या माणसांची सोय होती. पुढं बातमीदारांचा इतका जाच झाला, की त्या लोकांनी १९६४ मध्ये ते बंदच करून टाकलं. पुन्हा सुरू केलं ते थेट १९९६ ला. कॅमेऱ्यांना कंटाळून एका वस्तीनं आपली सोय सोडून दिली, ही गोष्ट तुमच्या धंद्यात रोज एकदा वाचावी अशी आहे. (टोमणा आहे, मान्य.)

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार शकुनाची. तुम्ही या आकड्याचा कौल लावता. देवीपुढं कळी उजवी पडली की डावी, असं. तर मग निदान आत्तापर्यंतचे कौल तरी मांडून बघा. १९६० साली डिक्सव्हिलची नऊच्या नऊ मतं निक्सनना. अध्यक्ष झाले केनेडी. १९६४ ला गोल्डवॉटर. देशानं जॉन्सनना प्रचंड बहुमत दिलं. १९६८ ला हंफ्री आठ, निक्सन चार, जिंकले निक्सन. १९७६ चुकलं, १९९२ ला क्लिंटनना अवघी दोन मतं, १९९६ पुन्हा चुकलं, २०१६ ला हिलरी क्लिंटन पुढं. २०१२ ला ओबामा पाच, रॉम्नी पाच. २०२४ चं तुम्हीच दाखवलं. १९६० ते २०२४ अशा सतरा निवडणुका झाल्या. आठ वेळा बरोबर, सात वेळा चूक, दोनदा बरोबरी. नाणं उडवलं असतं तर स्टुडिओचं भाडं वाचलं असतं.

शितावरून भाताची परीक्षा होते असं आपण म्हणतो. पण शीत त्याच पातेल्यातलं असावं लागतं ना! डिक्सव्हिलचे मतदार म्हणजे बहुतेक त्या हॉटेलशी किंवा त्याच्या जागेशी या ना त्या नात्यानं बांधलेली माणसं. हॉटेल चालू होतं तेव्हा मतदारही बऱ्यापैकी होते. २००० साली सत्तावीस मतं पडली : बुश एकवीस, गोर पाच, नेडर एक. २००८ ला एकवीस : ओबामा पंधरा, मॅकेन सहा. हॉटेल बंद झालं आणि माणसं उठून गेली. २०२० ला पाच मतं. २०१९ साली तर तिथं चारच जण उरले होते. मतदान घ्यायला लागणारे पदाधिकारी भरायला किमान पाच माणसं लागतात, म्हणून ही प्रथाच बंद पडते की काय अशी वेळ आली. शेवटी हॉटेल नव्यानं उभं करू पाहणारे विकासक लेस ऑटन तिथं राहायला गेले आणि पाच पुरे झाले. त्याआधी २०१६ च्या मतदानावर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल कार्यालयानं आक्षेप घेतले होते : मत देणाऱ्यांतले काहीजण तिथं राहतच नव्हते. या सगळ्यात अमेरिकेच्या मनाचा थांग कुठं लागतो? लागलाच तर एका बंद हॉटेलाचा लागतो.

दुसरी तक्रार निवडून दाखवण्याची. २०२० ला पट्टी होती : पहिला निकाल, बायडन यांचा निर्विवाद विजय, पाच विरुद्ध शून्य. खरं होतं. पण त्याच रात्री, त्याच रस्त्यावर थोडं पुढं, मिल्सफील्ड नावाच्या तशाच एका वस्तीनंही मध्यरात्री मत दिलं होतं. ट्रम्प सोळा, बायडन पाच. दोन्ही मिळून ट्रम्प सोळा, बायडन दहा. २०१६ ला डिक्सव्हिलमध्ये क्लिंटन चार आणि ट्रम्प दोन. मिल्सफील्डमध्ये ट्रम्प सोळा, क्लिंटन चार. हार्ट्स लोकेशनमध्ये क्लिंटन सतरा, ट्रम्प चौदा. तिन्हींची बेरीज ट्रम्प बत्तीस, क्लिंटन पंचवीस. एकच वस्ती दाखवली तर एक कल, तिन्ही दाखवल्या तर उलटा. आणि यातला कुठलाच 'कल' नाही, हे मी म्हणतेच आहे. पण खोटं दाखवायचंच तर निदान पूर्ण तरी दाखवा.

२०२४ च्या जानेवारीतलं तर सांगायलाच हवं. रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, डिक्सव्हिलची सहाच्या सहा मतं निकी हेली यांना पडली. आपल्याकडं जल्लोष. भारतीय वंशाच्या कन्येची विजयी सलामी, ट्रम्प यांना शून्य. मला कराड-सातारा-पुण्याहून चौदा संदेश आले. संध्याकाळी पूर्ण राज्याची मोजणी झाली तेव्हा ट्रम्प अकरा टक्क्यांनी पुढं होते. त्याची पट्टी मला कुणी पाठवली नाही. तोवर तुमच्याकडं दुसऱ्या दिवसाची पहाट झाली होती आणि 'सलामी' शिळी.

तिसरी तक्रार या दोन्हींपेक्षा जड आहे, आणि खरं म्हणजे त्या एका तक्रारीसाठीच हे पत्र आहे. मत गुप्त असतं.

त्या सहांचं गणित बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या यादीत चार नोंदणीकृत रिपब्लिकन होते आणि दोन असे, की ज्यांनी पक्ष सांगितलेला नाही. आमच्याकडं मतदार नोंदणी करताना पक्ष सांगता येतो, किंवा 'अनडिक्लेअर्ड' राहता येतं. राज्यात असे न सांगणारेच सगळ्यात जास्त आहेत. निकाल तीन-तीन. म्हणजे त्या दोघांनीही हॅरिसना मत दिलं असं धरलं तरी चारांतल्या निदान एका रिपब्लिकनानं पक्ष सोडून मत दिलं. हे मला कुणाला न विचारता, स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता कळलं. मग त्या खिंडीत एकमेकांच्या शेजारी राहणाऱ्या, हिवाळ्यात एकमेकांच्या दारातला बर्फ काढून देणाऱ्या सहा माणसांना काय काय कळलं असेल? आणि पाच-शून्य लागतं तेव्हा तर गणितही नको. पाचही जणांचं मत जगजाहीर. ऑटन यांनी २०२० ला, आपण रिपब्लिकन असूनही बायडनना मत दिल्याचं स्वतःच सांगितलं. तो त्यांचा हक्क. पण स्वतः सांगणं वेगळं आणि आकड्यांनी उघडं पडणं वेगळं.

तुम्ही म्हणाल, त्यांनी ही प्रथा राजीखुशीनं घेतली आहे, कॅमेरे त्यांनाही हवेत. असतील. माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण तुम्ही मला जे काम सांगितलंत ते होतं कुणी कुणाला मत दिलं ते 'काढायचं'. बाराशे वस्तीच्या गावात मी यादीच्या टेबलावर बसते. नवरा एका पक्षाचा, बायको दुसऱ्या, मुलगा तिसऱ्याच्या मागं, हे मला दुकानात कानावर पडतं. मतपेटीत काय पडलं ते मात्र मला माहीत नसतं, आणि माहीत नाही म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी त्या तिघांशीही हसून बोलू शकते. तुम्ही मागितलं ते दिलं असतं तर मला ते टेबल सोडावं लागलं असतं.

आणि हा प्रश्न नुसता अमेरिकेचा असता तर मराठीत पत्र लिहिलं नसतं. आपल्याकडं मतदान केंद्रवार मतं फॉर्म वीसमध्ये जाहीर होतात. पाचशे-सातशे मतांचं केंद्र, त्यात एकेक वाडी, एकेक आळी. निकालानंतर चार दिवसांत चावडीवर कळतं, कुठल्या वाडीनं कुणाला 'दगा' दिला. मग रस्ता अडतो, पाण्याची पाइपलाइन रखडते, आणि का, ते कुणी बोलत नाही. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजायची सोय नियमांत होती. यंत्रं आली आणि ती सोय गेली. निवडणूक आयोगानं २००८ साली 'टोटलायझर' सुचवला, म्हणजे अनेक यंत्रांची बेरीज एकत्रच दिसेल असं साधन. विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं ते मानलं नाही. यावर तुमच्या किती वाहिन्यांवर रात्री नऊची चर्चा झाली? मी तरी पाहिली नाही.

उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं, आमच्या केंद्रावरचा आकडा आम्हाला पटत नाही, म्हणून मतपत्रिकांवर आपणच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. केंद्रवार आकडा जाहीर होतो म्हणूनच गावाला शंका तरी घेता आली, हे खरं आहे. गुप्तता आणि पडताळणी यांची ओढाताण आहे, आणि तिचं उत्तर माझ्याकडं तयार नाही. आमच्या टाउन हॉलमध्ये आम्ही बाराशेंच्या गावाची मतं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजतो, त्यामुळं शंका येत नाही; पण सहाशे-सातशे मतांत कोण कुठं ते सहज कळतही नाही. सहांमध्ये कळतं. गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतांसाठी अख्खं मतदान केंद्र थाटायचे आणि तुम्ही कौतुकानं दाखवायचात. लोकशाहीचा उत्सव, वगैरे. त्या एकट्या माणसाचं मत गुप्त कसं राहणार, हे एकाही निवेदकानं विचारलेलं मला आठवत नाही.

चौथी तक्रार दुर्लक्षाची. डिक्सव्हिलच्या पाच मिनिटांत तुम्ही न्यू हॅम्पशायर संपवता, आणि तिथं खरोखर काही कळण्यासारखं आहे ते राहून जातं.

ज्या कूस परगण्यात ही खिंड आहे, तो लाकूड आणि कागदाचा मुलूख. बर्लिन गावची लगद्याची गिरणी २००६ मध्ये बंद झाली, ग्रोव्हटनची कागद गिरणी त्याच्या पुढच्या वर्षी. मग हॉटेल गेलं. तरुण पोरं दक्षिणेला किंवा राज्याबाहेर. या परगण्यानं २००८ आणि २०१२ ला ओबामांना मत दिलं होतं. २०१६, २०२० आणि २०२४ ला ट्रम्पना. कष्टकऱ्यांचा मुलूख एका पक्षाकडून दुसऱ्याकडं कसा सरकला, यावर इचलकरंजीच्या किंवा गिरणगावच्या प्रेक्षकाला किती जवळचं वाटेल असं काही सांगता आलं असतं! ज्यांच्या घरातलं कुणी संपात घरी बसलं, त्यांना गिरणीचा भोंगा थांबल्यावर मत कसं बदलतं ते समजावून सांगावं लागत नाही. त्या परगण्यात हजारो मतं आहेत. पण तिथं मध्यरात्री कुणी मत देत नाही, म्हणून कॅमेरा नाही.

किंवा आमच्या लोकांची मत फोडण्याची सवय घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरनं अध्यक्षपदासाठी कमला हॅरिसना कौल दिला आणि त्याच कागदावर गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन केली आयॉट यांना. २०२० लाही तेच : बायडनही जिंकले आणि रिपब्लिकन गव्हर्नर क्रिस सुनुनूही दणक्यात. माझ्या शेजारच्या आजोबांना मी विचारलं होतं, की असं कसं. ते म्हणाले, वॉशिंग्टनला पाठवायचा माणूस वेगळा आणि माझ्या करावर सही करणारा वेगळा. आपल्याकडं लोकसभेला एक आणि ग्रामपंचायतीला दुसरंच करणाऱ्या मतदाराला हे लगेच पटेल.

एकेका मताचं वजन दाखवायचं असेल तर त्यासाठी सहा मतांची वस्ती कशाला हवी? २००० साली बुश न्यू हॅम्पशायरमध्ये ७,२११ मतांनी जिंकले. राज्याची निर्वाचक मतं (अध्यक्ष ठरतो तो या राज्यवार मतांवर) फक्त चार, पण ती गोर यांना मिळाली असती तर मोजणीच्या वादात अडकलेल्या फ्लोरिडाचं काहीही झालं असतं तरी अध्यक्ष गोर झाले असते. २०१६ ला सिनेटच्या जागेसाठी मॅगी हॅसन याच आयॉटना १,०१७ मतांनी हरवून गेल्या. आणि १९७४ ची सिनेटची निवडणूक तर इथले म्हातारे अजून रंगवून सांगतात. मोजणीत रिपब्लिकन वायमन ३५५ मतांनी पुढं, फेरमोजणीत डेमोक्रॅट डर्किन १० मतांनी पुढं, पुन्हा तपासणी झाली तर वायमन २ मतांनी पुढं. सिनेटमध्ये महिनोन्‌महिने घोळ, जागा रिकामीच, शेवटी १९७५ च्या सप्टेंबरात पुन्हा निवडणूक आणि डर्किन विजयी. अशी गोष्ट तुमच्या हातात असताना तुम्ही सहा मतांवर टक्केवारी काढता!

अजून एक. २०२४ साली या राज्यात नवा कायदा झाला, तो त्या निवडणुकीनंतर लागू झाला. आता नव्यानं नाव नोंदवताना नागरिकत्वाचा कागदी पुरावा लागतो : पासपोर्ट, जन्मदाखला किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. पूर्वी कागद जवळ नसेल तर प्रतिज्ञापत्र चालायचं, ते बंद. जन्मदाखल्यावरचं आणि आत्ताचं नाव जुळत नसेल तर विवाहाचा दाखलाही आणा. मार्च २०२५ च्या गावोगावच्या निवडणुकीत काही मतदारांना परत पाठवावं लागल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत आल्या. मराठी बाईला हे सांगायला नको. माहेरचं आडनाव गेलं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आमच्या पिढीत कितीजणींचं तर तांदळात लिहून पहिलं नावही बदललं. माझ्या स्वतःच्या तीन कागदांवर तीन नावं आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी बायकांना ही बातमी कामाची होती. तुमच्याकडं ती नव्हती.

तेव्हा मागण्या सांगते. खर्चाची एकही नाही.

जिथं टक्केवारी दाखवाल तिथं ती किती मतांची, हे त्याच पट्टीवर, त्याच आकाराच्या अक्षरात दाखवा. शंभरापेक्षा कमी मतं असतील तर टक्केवारी काढूच नका. 'तीन आणि तीन' म्हणा, लोकांना मोजता येतं.

डिक्सव्हिल दाखवायचंच असेल तर गंमत म्हणून दाखवा, आणि तसं तोंडानं म्हणा. त्या दिवशी मिल्सफील्डनं आणि हार्ट्स लोकेशननंही मध्यरात्री मत दिलं असेल तर तेही आकडे शेजारी ठेवा. 'कल', 'सलामी', 'नांदी' हे तीन शब्द त्या दिवशी कपाटात ठेवा.

कुणी कुणाला मत दिलं ते शोधायला कुणालाही पाठवू नका. माझ्यासारख्या हौशी माणसाला तर नाहीच. हे लेखी कळवा, आणि तुमच्या बातमीदारांसाठी जी काही नियमावली असेल तीत घाला. हाच नियम आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांनाही लावा : केंद्रवार आकड्यांवरून 'या गावानं साथ सोडली' असं गावाचं नाव घेऊन दाखवणं थांबवा.

टोटलायझरवर एक तास द्या. दोन्ही बाजूंची माणसं बोलवा, मारकडवाडीचीही. मी ऐकायला बसेन, इथं सकाळचे साडेअकरा वाजले असतील.

आणि २०२८ ला न्यू हॅम्पशायरचा वार्ताहर हवा असेल तर मी तयार आहे, पण बर्लिनहून. बंद पडलेल्या गिरणीच्या गावातून, दिवसाढवळ्या. मानधन नको.

मामांना मी दुसऱ्या दिवशी सावकाश सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या मळ्यातल्या वस्तीवर मतं पडली आन टीव्हीवाल्यांनी साताऱ्याचा खासदार सांगितला, असंच की." मी म्हटलं, असंच. तर म्हणाले, "मग तू फोन कशाला उचललास?"

आपली,
न्यू हॅम्पशायरच्या एका बाराशे वस्तीच्या गावातली मतदार यादीवाली